एपेकमध्ये 'देश' का नाहीत?

प्रश्न: नमस्कार. स्पर्धा परीक्षेसाठी एपेकच्या (आशिया-पॅसिफिक आर्थिक सहकार्य मंचाच्या) 21 सदस्यांची यादी पाठ केली, पण पुस्तकात सगळीकडे 'सदस्य अर्थव्यवस्था' असं लिहिलंय, 'सदस्य देश' कुठंच नाही. हा छपाईचा घोळ आहे की मुद्दाम केलंय? आणि भारत यात का नाही?

उत्तर: घोळ नाही हो, मुद्दामच आहे. आणि मला विचाराल तर एपेकचा निम्मा इतिहास त्या एका शब्दातच आहे, तो कळला की यादी आपोआप लक्षात राहते.

जानेवारी 1989 मध्ये ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान बॉब हॉक यांनी सोलमध्ये भाषण केलं, त्यात ही कल्पना मांडली. तेव्हा गॅट या जागतिक व्यापार कराराच्या वाटाघाटींची उरुग्वे फेरी रेंगाळलेली, तिकडे युरोप स्वतःची एकच बाजारपेठ उभी करत होता, त्यामुळे पॅसिफिकच्या काठावरच्यांना आपण बाहेर राहू की काय अशी धास्ती होती. नोव्हेंबरमध्ये कॅनबेराला 12 जणांचे मंत्री जमले, जपान, अमेरिका, कॅनडा, दक्षिण कोरिया, इंडोनेशिया वगैरे. चीन त्यात नव्हता.

खरी मेख 1991 ला आली, कारण चीन, तैवान आणि हाँगकाँग तिघं एकदमच आत आले. आता तैवानला चीन देश मानत नाही, हाँगकाँग तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात, मग 'देश' म्हणायचं कुणाला? 'अर्थव्यवस्था' म्हटलं की कुणाचंच काही बिघडत नाही. तैवानच्या समोरची पाटी 'चायनीज तैपेई' अशी असते आणि नेत्यांच्या बैठकीला त्यांचा राष्ट्राध्यक्ष येत नाही, प्रतिनिधी येतो. टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीचे संस्थापक मॉरिस चँग त्या खुर्चीवर बऱ्याच वेळा बसलेत. जगातल्या एवढ्या अवघड भांडणातले दोघं एका टेबलावर बसतात ते एका शब्दाच्या जोरावर, मला तरी हे फार मोठं काम वाटतं.

नेत्यांची पहिली बैठक 1993 ची, सिएटलजवळच्या ब्लेक बेटावर, अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यजमान होते. मलेशियाचे पंतप्रधान महाथीर गेलेच नाहीत, त्यांना फक्त पूर्व आशियाचा वेगळा गट हवा होता. पुढच्या वर्षी इंडोनेशियात बोगोरला ठरलं की विकसित सदस्यांनी 2010 पर्यंत आणि विकसनशील सदस्यांनी 2020 पर्यंत व्यापार आणि गुंतवणूक खुली करायची. ते पूर्णपणे झालं नाही, शेतीमालावर तर बरीच बंधनं राहिली. कारण एपेकमध्ये करार नसतो, सक्ती नसते, सगळं एकमतानं आणि स्वखुशीनं. म्हणून लोक त्याला नुसती गप्पांची बैठक म्हणतात, पण मला ते पटत नाही. 2012 ला व्लादिवोस्तोकमध्ये पर्यावरणाशी संबंधित 54 वस्तूंवरची आयात ड्युटी 2015 अखेर 5 टक्के किंवा त्याखाली आणायचं ठरलं, त्यात सोलर पॅनलसुद्धा होते. सक्ती नसताना एवढी मोठी यादी एकमतानं ठरली, हे कमी नाही. पण हेही खरं की एकमत अडलं की सगळंच अडतं, 2018 ला पापुआ न्यू गिनीच्या पोर्ट मोर्सबीत अमेरिका-चीन वादामुळे नेत्यांचं संयुक्त निवेदनच निघालं नाही, असं पहिल्यांदाच झालं.

आता भारताचं. आपण 1990 च्या दशकातच इच्छा दाखवली होती, पण 1997 ला ठरलं की रशिया, पेरू, व्हिएतनाम 1998 ला आत आले की नवीन सदस्यत्व 10 वर्षं बंद ठेवायचं, नंतर ती मुदत 2010 पर्यंत वाढवली. पुढेही दार उघडलं नाही. भारताला पॅसिफिकचा किनारा नाही हे एक कारण सांगतात, आणि आपली बाजारपेठ पुरेशी खुली नाही हे दुसरं. पहिलं मला लंगडं वाटतं, दुसऱ्यात मात्र तथ्य आहे.

आणि आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटाशी गल्लत करू नका, लाओस, कंबोडिया आणि म्यानमार आसियानमध्ये आहेत, एपेकमध्ये नाहीत.