मेन स्विचला हात लावू नका, भाऊ

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. बाल्डर्स गेट ३ हा कॉम्प्युटर गेम, त्यातला ऑनर मोड, जिथे जुन्या सेव्हवर मागे फिरता येत नाही; लास्ट लाइट इन या सराईच्या माडीवर इझोबेल पडली, म्हणजे त्या सराईला सावलीच्या शापापासून जपणारी पुजारीण, आणि तुम्ही विचारता की गेम सेव्ह व्हायच्या आत मेन स्विच पाडला तर मागचं परत मिळते का. आपल्याकडे लाइन अशीही जातेच, मग त्यात खोटेपणा कसला, असंही लिहिलं तुम्ही.

हेच मी स्वतःला समजावलं होतं. हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस होते, रात्री मोटारी सुरू झाल्या की आमच्या गावचं व्होल्टेज पडायचं. गेममध्ये पंखवाल्या मार्कसने, शत्रूच्या माणसाने, इझोबेलला उचलून नेलं, सराईवरचं तिचं संरक्षण गेलं. ज्या टीफलिंग, म्हणजे शिंगवाल्या निर्वासित लोकांसाठी मी पहिल्या अंकात गोब्लिनांशी लढलो, ते डोळ्यांसमोर सावलीच्या शापात गेले. मी उठलो आणि मेन स्विच पाडला. परत चालू केलं तर सेव्ह उघडेचना. सत्तरच्या वर तास गेले. सगळ्यांना सांगितलं, लाइन गेली. लहान भाऊ बाजूलाच बसला होता, त्याने पाहिलं होतं. तो काहीच बोलला नाही, आणि ते मला सेव्हपेक्षा जास्त लागलं.

दरवेळी सेव्ह खराब होतेच असं माझं म्हणणं नाही, मी काही कॉम्प्युटरवाला नाही. पण या मोडमध्ये सेव्ह एकच राहते. ती लिहिता लिहिता करंट गेला तर मागे दुसरी नाही.

व्होल्टेजसाठी मी त्याआधी तीनदा अर्ज दिला होता. कार्यालयाचं नाव घेत नाही. आधी म्हणले सह्या आणा, मग म्हणले साहेब दौऱ्यावर, तिसऱ्यांदा अर्जच सापडेना. अर्ज कुठेही द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. आणि इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू ठेवा, नाहीतर लाइन बदलताना डेस्कटॉप बंद पडते.

आता डावाचं. चूक लढाईत होत नाही, माडी चढण्याआधीच होते. इझोबेलशी बोलणं झालं की लगेच मार्कस येते, म्हणून आधी खाली डॅमन लोहाराकडे जा, इन्फर्नल आयर्न, म्हणजे नरकातलं लोखंड देऊन आपली सोबतीण कार्लाक हिच्या छातीतल्या इंजिनाचं काम उरकून घ्या. लाँग रेस्ट, म्हणजे रात्रीचा पूर्ण आराम करूनच वर चढा. पार्टीतल्या चौघांना गटातून सुटं करा, खोलीत चार बाजूंना उभं करा, आणि बोलायला एकालाच पाठवा. माझे चौघेही दाराशी दाटीने उभे होते, तिथेच डाव गेला. पार्टीत क्लेरिक, म्हणजे पुजारी असेल तर पहिल्या टर्नला बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे जादा छोट्या चालीत, इझोबेलवर सँक्च्युअरी हा रक्षणाचा मंत्र टाका. तिने स्वतः हल्ला केला की ते तुटते, हे लक्षात ठेवा. बाकीच्या पंखवाल्यांना मारत बसू नका, आधी मार्कस. माझ्या दुसऱ्या डावात एवढ्यावर ती वाचली, तुमची पार्टी वेगळी असेल तर फरक पडेल.

माझं मत कोणाला पटणार नाही कदाचित. गोब्लिनांची सरदारीण मिंथारा सोबतीला हवी म्हणून ग्रोव्ह, म्हणजे टीफलिंगांनी आसरा घेतलेली जागा, कापा, असं लोक बिनधास्त सांगतात. कापलं की विल आणि कार्लाक हे सोबती सोडून जातात, डॅमनही मरते. हिशेबातसुद्धा तो सौदा तोट्याचा. पण मला राग दुसऱ्याच गोष्टीचा येते. वाचवायचं की कापायचं हे ठरवताना आपण फक्त सामान मोजतो, आणि निकाल आवडला नाही की तो झालाच नाही असं करायला निघतो. ऑनर मोड तुम्ही स्वतः निवडला भाऊ.

तुमचा डाव संपलेला नाही. लास्ट लाइट गेलं तरी मूनराइज टॉवर्सकडे, शत्रूच्या गढीकडे, जाता येते. फक्त एवढं सांगा, कार्लाकचं काम डॅमनकडून आधी झालं होतं का? पुढचं त्यावर सांगतो.