मालगाडीचा लोको पायलट घरी झोपत का नाही?

मालगाडी चालवणाऱ्या लोको पायलटांच्या घरची मंडळी समुपदेशक म्हणून माझ्याकडे बहुधा एकच काळजी घेऊन येतात: माणूस विश्रांतीसाठी घरी येतो, पण झोपत नाही, क्षुल्लक गोष्टीवरून चिडतो, तेव्हा त्याला झोपेची गोळी द्यावी का? वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेल्या दांपत्याचा अनुभव, ओळख पटेल असे तपशील वगळून, येथे मांडतो.

पत्नीने तक्रार नेमक्या शब्दांत सांगितली होती. "घरी असले का झोपतही नाही जी, अन् धड जागेही राहत नाही." तिच्या मनात व्यसनाची शंका होती, सासूच्या मते कुणाची तरी नजर लागली होती, आणि तो स्वतः मात्र आपल्याला मानसिक आजार जडला असून हे रेल्वेत कळले तर इंजिनावरून उतरवतील, या भीतीने गप्प होता. व्यसनाची शंका मला सुरुवातीलाच दुबळी वाटली, कारण ड्युटीवर रुजू होताना लॉबीत, म्हणजे चालकांच्या हजेरीच्या कार्यालयात, दारूसाठी श्वासाची तपासणी होते आणि तेथे दोषी ठरणे म्हणजे नोकरीवरच गदा येणे, हे या खात्यातील प्रत्येकाला ठाऊक असते.

प्रवासी गाड्यांच्या चालकांना बहुतेक वेळा 'लिंक' असते, म्हणजे कोणत्या दिवशी कोणती गाडी न्यायची याचा क्रम आधीच ठरलेला असतो. मालगाडीला तसा क्रम नसतो. चंद्रपूर-वणी पट्ट्यातला कोळसा भरून झाला, रेक, म्हणजे डब्यांची रांग, तयार झाली, मार्ग मिळाला की ड्युटीवर येण्याचा कॉल येतो. तो साधारणपणे दोन तास आधी येतो आणि रात्रीचा एक वाजो की दुपारचे चार वाजोत, जावे लागते. आठ तासांहून अधिक ड्युटी झाली तर मुख्यालयी सोळा तासांची विश्रांती नियमाने मिळते. परंतु त्या सोळा तासांतच मोटारसायकलने गाव गाठणे, आंघोळ, जेवण, लग्नसराई असेल तर पाहुण्यांकडे हजेरी, हे सगळे बसवावे लागते. मे महिन्यात टिनाच्या छपराखाली, पारा पंचेचाळीसच्या आसपास आणि त्यात वीज गेल्याने कुलर बंद, अशा स्थितीत दुपारी कोण झोपणार? शिवाय शरीराचे घड्याळ दिवसा जागण्यासाठीच बनलेले असल्याने रात्रपाळीनंतर दिवसा घेतलेली झोप एरवीही तोकडी आणि तुटक असते.

एवढ्याने उलगडा झाला असे मला वाटले असते. परंतु मी त्याला काही दिवस झोपेची नोंद ठेवायला सांगितली आणि तीत वेगळेच दिसले. बाहेरगावच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे चालकांच्या विश्रांतिगृहात, जेथे विश्रांती घरापेक्षा कमी मिळते, तेथे त्याला गाढ झोप लागत होती. घरी मात्र दर अर्ध्या तासाने जाग. फरक विचारला तेव्हा तो बराच वेळ थांबून म्हणाला, "तिथं उठवणारा असतो, सर." रनिंग रूममध्ये कॉलची वेळ झाली की कर्मचारी येऊन जागे करतो. घरी ते काम उशाशी ठेवलेल्या मोबाईलचे, आणि कॉल चुकला तर जाब विचारला जाईल या धास्तीने तो जणू झोपेतही पहारा देत होता. गावात रेंज कधी असते, कधी नसते, त्यामुळे ती धास्ती अगदीच निराधार होती असेही म्हणता येत नाही.

म्हणून उपाय गोळीचा नव्हता, मोबाईल दुसऱ्याच्या हाती देण्याचा होता. दिवसा पत्नीने आणि रात्री अंगणात खाट टाकून झोपणाऱ्या वडिलांनी तो जवळ ठेवायचा, कॉल घ्यायचा आणि त्याला उठवायचे, असे ठरले. मोबाईल सोडायला तो सहजी तयार झाला नाही. पत्नीने दोन कॉल बिनचूक घेतल्यावर त्याचा विश्वास बसला.

गोळीबद्दल मात्र मी स्पष्ट बोललो. गोळीची गुंगी जाग आल्यावरही काही तास उरू शकते आणि कॉल त्याच तासांत येऊ शकतो. भरलेली मालगाडी वेगात असेल तर ब्रेक लावल्यावर थांबायला सुमारे किलोमीटरभर अंतर घेते, आणि पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान, जेव्हा सावधपणा मुळातच ओसरलेला असतो, सिग्नल उशिरा दिसणे परवडत नाही. कोणतेही औषध रेल्वेच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे, पुरेशी झोप होऊनही दिवसा पेंग येणे अशी लक्षणे असतील तर समुपदेशकाकडे न थांबता डॉक्टरांकडे जावे. त्याच्याबाबत ती नव्हती.

ड्युटीवर येताना पुरेशी विश्रांती झाल्याचे जाहीर करावे लागते. झोप झालेली नसताना तेथे होकार देण्याऐवजी आपल्या लोको इन्स्पेक्टरला, म्हणजे चालकांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला, आधीच सांगावे, असे मी त्याला सुचवले. त्याने पहिल्यांदा सांगितले तेव्हा ते रागावतील असे त्याला वाटले होते, पण इन्स्पेक्टरनी शांतपणे ऐकून घेतले.

पत्नीचा एक प्रश्न मात्र राहिला होता: दोन वर्षांच्या मुलाला भर दुपारी गप्प कसे ठेवायचे? त्यावर माझ्याकडे शास्त्रीय उत्तर नव्हते. आता रात्रपाळी करून तो घरी आला की मूल दुपारपर्यंत त्याच गल्लीतल्या आत्याकडे असते.