बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरची पायवाट साठीतल्या माणसांना एका दिवसात झेपते का? नाशिकजवळ असं काही आहे का?

तुम्ही लिहिलंय की मुलाकडे इंग्लंडला चालला आहात, तिकडे रूळ उखडून टाकलेल्या रेल्वेमार्गांवर चालायच्या वाटा केल्यात असं ऐकलंय. दोघांचीही साठी उलटलीय, एकाचे गुडघे कुरकुरतात, तर दिवसाभराची अशी सहल जमेल का? आणि नाशिकच्या आसपास तसलं काही आहे का?

जमेल. मी त्रेसष्टची, राहायला नाशिकरोडला. मुलगा डर्बीला असतो. त्याच्याकडे गेले होते तेव्हा विहीणबाईही लेकीकडे आलेल्या. आम्ही दोघी विहिणी एका दिवसात आठ मैल, म्हणजे तेरा किलोमीटरच्या आसपास, चाललो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघीही चहाला टेबलावर हजर होतो. विहीणबाईंचा उजवा गुडघा पंचवटीतल्या दोन डॉक्टरांना तोंडपाठ आहे, तरीही.

याचं कारण साधं आहे. आगगाडीला चढ सोसत नाही. मुंबईहून येताना कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लावतात, ती घाटात ३७ फुटांना एक फूट चढ आहे म्हणून. माणसाला तो चढ जाणवेल न जाणवेल, गाडीची मात्र त्यात दमछाक होते. त्यामुळे रेल्वेमार्ग आखणारा डोंगर पोखरेल, नदी दहा वेळा ओलांडेल, पण चढ टाळेल. त्याने केलेल्या त्या उपद्व्यापाचा फायदा आज आपल्या गुडघ्यांना मिळतो.

पण सपाट म्हणजे सोपं असं समजू नका. डोंगरात चालताना पाय वेगवेगळे पडतात. इथे एकच पाऊल हजारो वेळा, तेही बऱ्याच ठिकाणी डांबरावर. गुडघे गप्प राहिले, पण पाचव्या मैलानंतर तळवे बोलायला लागले. जाड तळाचे, पायाला सरावलेले बूट घाला. मी मुलाने हौसेने आणलेले नवेकोरे घातले आणि टाचेला फोड आला.

आम्ही गेलो ती वाट म्हणजे स्टॅफर्डशायरमधली मॅनिफोल्ड वे. ह्यूम एंड नावाच्या खेड्यापासून (लिहिताना नावात एक मुका ‘ल’ असतो, पाटी वाचून गोंधळू नका) वॉटरहाउसेसपर्यंत. आधी मॅनिफोल्ड नदीच्या काठाने, मग हॅम्प्स नदीच्या काठाने. दोन्ही बाजूंना चुनखडीचे डोंगर, हिरवी कुरणं, मेंढ्या. मुलाने सकाळी ह्यूम एंडला सोडलं आणि चार वाजता वॉटरहाउसेसला थांबतो म्हणाला. हे आधी ठरवून घ्या, बाकी सगळं नंतर. अशा वाटा सरळ एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातात, गोल फिरून गाडीपाशी येत नाहीत. दरीत मोबाइलला रेंज नव्हती. आणि चहाचा थर्मास गाडीतच राहिला, हे दोन मैलांवर कळलं. त्या वेळी दोन विहिणींमध्ये जे संभाषण झालं ते इथे लिहीत नाही.

सगळी वाट मोटारींपासून मोकळी आहे असंही नाही. मधला साधारण दीड मैल गाड्यांनाही खुला आहे आणि त्यातच स्वेन्सलीचा बोगदा येतो. दीडशे मीटरचाच, पण आत पोचलो आणि मागून मोटार आली. विहीणबाई भिंतीला अशा चिकटल्या की साडीची अख्खी डावी बाजू चुन्याने पांढरी. (साडीवर स्पोर्ट्स शूज. होय.) हा बोगदा मुळात डोंगर आडवा आला म्हणून नाही, तर शेजारच्या बंगल्यातून आगगाडी दिसू नये म्हणून केला, असं सांगतात. बंगला सर थॉमस वॉर्डल यांचा. हे लीक गावचे रेशीम रंगवणारे उद्योजक. आपल्याकडच्या टसर रेशमावर रंग चढवण्यासाठी त्यांनी बरीच खटपट केली होती. विहीणबाईंचं माहेर येवल्याचं, पैठणीच्या गावचं. भीती विसरून त्या लगेच म्हणाल्या, “टसर होय? त्याला रंग धरवणं सोपं नाही बाई.”

पुढे वेटन मिलला टी रूम आहे, तिथे एकदाचा चहा मिळाला. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही बाहेर बाकावर बसून खाल्ली. इथून पुढे गंमत आहे. उन्हाळ्यात मॅनिफोल्ड नदी वेटन मिलपाशी चक्क नाहीशी होते. पात्रात नुसते गोटे आणि हिरवी रानटी पानं. चुनखडी पाण्याने झिजून पोकळ होते, पाणी भेगांतून खाली उतरतं आणि काही मैल जमिनीखालून वाहून आयलम गावापाशी पुन्हा वर येतं. विहीणबाई पूल ओलांडताना कठड्यावर हात ठेवून बराच वेळ त्या कोरड्या पात्राकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “ही तर आपल्या गोदावरीची बहीण. तिलाही ब्रह्मगिरीवर लपाछपी खेळायची सवय. गौतम ऋषींनी कुशावर्तात अडवली म्हणून बरं. हिला अडवायला कोणी भेटलं नाही.” त्र्यंबकला शंभर वेळा गेले असेन, पण ही जोडणी मला सुचली नसती.

त्यानंतर डाव्या हाताला वर थॉर्स केव्ह ही प्रचंड गुहा दिसते. जायला पायऱ्या आहेत, पण चढ पांडवलेण्यासारखा छातीवर येणारा आहे, आणि तोंडाशी दगड पायांनी घासून गुळगुळीत झालाय. ओलं असेल तर साठीच्या माणसांनी खालूनच नमस्कार करावा. आम्ही केला.

आता ज्यासाठी एवढं लांबण लावलं ते. ह्यूम एंडच्या जुन्या स्टेशनात रेल्वेची माहिती लावलेली आहे. ही लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे १९०४ साली सुरू झाली, अडीच फुटी छोटी लाइन (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट), पिवळे डबे. मुख्य धंदा दुधाचा. ‘ही गाडी कुठूनच निघत नाही आणि कुठेच पोचत नाही’ अशी गावकरी तेव्हाही टिंगल करत, म्हणे. १९३४ मध्ये बंद पडली, आणि १९३७ मध्ये त्याच जागेवर पायवाट खुली झाली. तिच्याकडे मोजून दोन इंजिनं होती. त्यातल्या एकाचं नाव ‘ई. आर. कॅलथ्रॉप’.

कॅलथ्रॉप हे नाव मला कुठेतरी वाचल्यासारखं वाटत होतं. रात्री मुलाने शोधलं. एव्हरर्ड कॅलथ्रॉप हा जीआयपी रेल्वेत, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वजात, नोकरीला आलेला इंजिनिअर. आपली बार्शी लाइट, जिच्यातून वारकरी पंढरपूरला जायचे, ती त्याची. आणि त्याच्याही आधी, १८८९ मध्ये, नाशिकरोड स्टेशनपासून गावातल्या मेन रोडपर्यंत जी ट्राम धावायला लागली, तिचाही सल्लागार हाच! तीही अडीच फुटीच. दोन डबे, ओढायला चार घोडे, आठ-दहा किलोमीटरचं अंतर, आणि स्टेशन ते गाव मधे बहुतेक रान. पुढे तोट्यात जाऊन १९३१ ते १९३३ च्या दरम्यान ती बंद पडली. म्हणजे एकाच माणसाच्या हातच्या दोन छोट्या गाड्या दोन देशांत जवळपास एकाच वेळी संपल्या. (हाच गृहस्थ पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट करत बसला. त्याला ‘गार्डियन एंजल’ असं नाव दिलं. एकेका माणसाची एनर्जी बघा.) मी ट्रामच्या एका टोकाशी चाळीस वर्षं राहिले, विहीणबाई दुसऱ्या टोकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि आम्हाला ते कळलं डर्बीत.

बोगदे जास्त आवडत असतील तर डर्बीशायरमधली मॉन्सल ट्रेल बघा. साडेआठ मैल, १९६८ ला बंद झालेला मोठ्या लाइनचा मार्ग. २०११ पासून तिचे लांब बोगदेही चालायला खुले आहेत आणि दिवसा आत दिवे असतात. गर्दी जास्त, सायकलीही जास्त. घंटी वाजली की डावीकडे सरका. वाटेत जुन्या स्टेशनांत चहा-केक मिळतो, त्यामुळे थर्मास विसरला तरी संसार टिकतो.

नाशिकपुरतं सांगायचं तर रूळ काढून बांधलेली अशी पायवाट इथे नाही. कसारा घाटातल्या रुळांवर ‘ट्रेक’ करायचे व्हिडिओ दिसतात, त्यांच्या नादी लागू नका. ती जिवंत लाइन आहे, आणि रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे. रुळांच्या सोबतीने चालायचीच हौस असेल तर माथेरान. अमन लॉजपासून बाजारापर्यंत छोट्या गाडीच्या कडेने लोक रोज चालतात, झाडांची सावली असते. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने कल्याण, तिथून लोकलने नेरळ, दिवसात होतं.

आम्ही परत आल्यावर एका रविवारी सकाळी सहाला मेन रोडवरून निघालो, जुन्या नगरपालिकेपासून. ट्रामची दोन टोकं पायी जोडायची, एवढाच बेत. शालिमार, सारडा सर्कल, द्वारका, मग पुणे रस्ता धरून उपनगर नाका. चढ इथेही नाही, कॅलथ्रॉपने जागा बरोबर हेरली होती. पण फूटपाथ तुटक, द्वारकेला रस्ता ओलांडायला लागलेला वेळ स्वेन्सलीच्या बोगद्यापेक्षा जास्त, आणि साडेसातनंतर धूर. उपनगरला मिसळ खाल्ली. नाशिकरोडच्या बिटको चौकापाशी विहीणबाईंनी शेअर रिक्षा थांबवली, आत बसल्या आणि मला म्हणाल्या, “चला ताई, चार घोड्यांची ट्राम असती तर मीही तिथेच चढले असते.” स्टेशनपर्यंतचे उरलेले पाच मिनिटांचे अंतर मी एकटीने चालले.