हेलिओथिस आणि हेलिकोव्हर्पा हे एकच की वेगळे? सापळ्यातला पतंग ओळखायचा कसा?

तुमचा प्रश्न असा की जुन्या पुस्तकात घाटेअळीचं नाव हेलिओथिस लिहिलंय, नव्या माहितीपत्रकात हेलिकोव्हर्पा, मग कामगंध सापळ्यात अडकलेलं पाखरू यातलं कोणतं? मी चोपड्याकडचा. घरची कपाशी, त्यानंतर हरभरा, त्यामुळे या पाखराशी वर्षातून दोनदा गाठ पडतेच.

नावाचं आधी उरकतो. किडा तोच, घराणं बदललं. 1965 साली हार्डविक या कॅनडातल्या कीटकशास्त्रज्ञाने हेलिओथिस प्रजातीतल्या (प्रजाती म्हणजे इंग्रजीतलं जीनस) काही जाती बाहेर काढून हेलिकोव्हर्पा ही वेगळी प्रजाती केली. आधार होता तो जननांगांच्या रचनेचा. नराच्या अंगातली नळी बाहेर काढली की स्प्रिंगसारखी वेटोळी दिसते. नावातलं 'हेलिको' त्यावरूनच. आपल्याला शेतात हे दिसणार नाही, आणि म्हणूनच जुनं नाव अजून तोंडातून जात नाही. माझे काका आजही 'हेलिओथिस'च म्हणतात, मी दुरुस्त करत नाही. बरं, हेलिओथिस ही प्रजाती काही संपलेली नाही. करडईवर येणारी पेल्टिजेरा ही जात अजून तिच्यातच आहे. दोघींचं कुळ नॉक्ट्युइडी, उपकुळ हेलिओथिनी.

आपल्याकडचा आहे हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. गंमत म्हणजे आपण त्यालाच कपाशीवर अमेरिकन किंवा हिरवी बोंडअळी म्हणतो, हरभऱ्यावर घाटेअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी आणि टमाट्यावर फळ पोखरणारी. नावं चार, किडा एक. त्यात 'अमेरिकन' तर साफ चुकीचं. अमेरिकेतली मूळची जात झिआ. आर्मिजेरा ही आशिया, आफ्रिका, युरोप, ऑस्ट्रेलियाकडची, ब्राझीलमध्ये ती असल्याचं 2013 मध्ये नक्की झालं.

आता ओळख. सापळ्याची पिशवी पांढऱ्या कागदावर झटका. पंख पसरले की साधारण साडेतीन ते चार सेंटिमीटर, अंग जाड, छाती केसाळ. पुढचे पंख नरात हिरवट करडे, मादीत नारिंगी-तपकिरी. पण ल्यूर, म्हणजे सापळ्यात लावायचं आमिष, मादीच्या गंधाचा असल्याने सापळ्यात नरच येतात. पुढच्या पंखावर मध्यभागी वालाच्या दाण्यासारखा गडद डाग आणि कडेला बारीक काळ्या ठिपक्यांची ओळ. पुस्तकं इथेच थांबतात, आणि नेमकी इथेच फसगत होते. रात्रभर पिशवीत फडफडून पाखराची भुकटी गळते आणि पुढचा पंख नुसता मळकट दिसतो. म्हणून मी टाचणीने मागचा पंख उघडतो. तो खाली झाकलेला असल्याने बराचसा शाबूत राहतो. फिकट, दुधाळ पंख, त्यावर गडद शिरा, बाहेरच्या कडेला रुंद तपकिरी पट्टा आणि त्या पट्ट्यात एक फिकट चट्टा. हे दिसलं की माझ्या मनात शंका उरत नाही.

गुलाबी बोंडअळीचं पाखरू याच्यापुढे चिलट. पंख पसरून जेमतेम दोन सेंटिमीटर, मातकट, मागच्या पंखांना झालर. तिची प्रजाती पेक्टिनोफोरा, कुळ जेलेचिइडी, हेलिकोव्हर्पाशी नातं लांबलांबचं. अळीवरून मात्र घोटाळा होतो, कारण हेलिकोव्हर्पाची अळी हिरवी, तपकिरी, कधी गुलाबीसुद्धा असते. रंगावर जाऊ नका. तिच्या दोन्ही बाजूंनी जाणारा फिकट पट्टा बघा. ठिपक्यांची बोंडअळी तिसरीच, प्रजाती इअरियास. तिच्या एका जातीच्या पतंगाच्या पांढरट पंखावर हिरवी पाचर असते.

ल्यूरबद्दल एक सांगतो. मी एका वर्षी हरभऱ्यात गडबडीत गुलाबीचे ल्यूर लावले. पाकिटं सारखीच होती, वाचली नाहीत. सापळे रिकामे, मी निवांत. मग एके सकाळी आईने घाटा उचलून दाखवला, गोल भोक आणि आत अर्धी शिरलेली अळी. म्हणाली, "हाई काय शे?" आर्मिजेराच्या गंधात दोन रसायनं साधारण 97 ला 3 अशा प्रमाणात असतात. तंबाखूवर येणाऱ्या असल्टा या तिच्या बहिणीत तीच दोन रसायनं, पण प्रमाण उलटं. एवढ्याने नर आपली मादी ओळखतो, तर गुलाबीच्या ल्यूरला तो कशाला विचारतो!

फोटो टाकणार असाल तर मागचा पंख उघडून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून टाका. मिटलेल्या पंखांचा फोटो पाहून मी काही सांगणार नाही.