‘रेझ’ हा गेम दीड-दोन तासांत संपतो, तरी समीक्षक त्याला इतके का नावाजतात? आज तो विकत घ्यावा का?

लांबीच्या मुद्द्यावरून ‘रेझ’साठी मी एकदा चांगलीच भांडले आहे, तेही जिथे गुण ठरत असत त्याच टेबलावर, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. समीक्षकांनी ‘रेझ’ला पहिल्या दिवसापासून डोक्यावर घेतले, हे खरे नाही. गेम-निर्माते तेत्सुया मिझुगुची यांच्या युनायटेड गेम आर्टिस्ट्स या सेगा कंपनीच्या चमूने बनवलेला, नेमबाजी आणि संगीत एकत्र गुंफणारा हा गेम नोव्हेंबर २००१ मध्ये जपानमध्ये सेगाच्याच ड्रीमकास्ट या गेमयंत्रावर आणि प्लेस्टेशन २ वर आला आणि २००२ च्या सुरुवातीला इतरत्र पोहोचला. ड्रीमकास्टचे उत्पादन थांबवणार असल्याची घोषणा सेगाने २००१ च्या जानेवारीतच केली होती आणि उत्तर अमेरिकेत तर ड्रीमकास्टची आवृत्ती आलीच नाही. परीक्षणे वाईट नव्हती, पण बऱ्याच जणांनी हातचे राखूनच कौतुक केले. दृश्ये अपूर्व, संगीत अपूर्व असे म्हणायचे आणि शेवटी ‘पण टप्पे पाचच, वाट आधीच ठरलेली, नेमबाजीचे बटन एकच’ असे लिहून गुण कापायचे, हा त्या काळचा साचा होता. परीक्षणांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर प्लेस्टेशन २ च्या आवृत्तीची सरासरी सत्तरीच्या घरातच राहिली. पुढे २००८ मध्ये ‘रेझ एचडी’ आणि २०१६ मध्ये ‘रेझ इन्फिनिट’ या त्याच्या नव्या आवृत्त्या आल्या, तेव्हा हाच आकडा नव्वदीच्या उंबरठ्यावर पोहोचला आणि ‘द गेम अवॉर्ड्स’ या वार्षिक पुरस्कारांत २०१६ चा सर्वोत्तम व्हीआर (आभासी वास्तव) गेम म्हणून ‘रेझ इन्फिनिट’ची निवड झाली. मूळचे पाच टप्पे मात्र तेच होते. बदलली ती परीक्षणाची मोजपट्टी.

ती मोजपट्टी मी जवळून पाहिली आहे. ‘रेझ एचडी’ आला, त्या सुमारास मी एका गेमविषयक मासिकासाठी परीक्षणे लिहीत असे. तिथे प्रत्येक परीक्षणाच्या शेवटी एक तक्ता भरावा लागे: चित्र, ध्वनी, नियंत्रण, आयुष्य, आणि त्यांची सरासरी काढून आलेला एकूण गुण. ‘आयुष्य’ म्हणजे गेम किती तास पुरतो. मी लेख लिहिला, पण तक्त्यात ध्वनी आणि नियंत्रण या दोन रकान्यांना कंस घालून एकच गुण दिला आणि खाली टीप लिहिली की या गेमपुरते हे दोन रकाने वेगळे करता येत नाहीत. संपादकांनी तो कागद परत पाठवला. मी त्यांच्याकडे गेले, तर ते म्हणाले, “अहो, एकच बटन दाबायचे आहे, त्यात नियंत्रणाचे एवढे कौतुक कसले?” त्यांनी पहिला टप्पा खेळून पाहिला होता, पण शेजारच्यांना त्रास नको म्हणून आवाज बंद ठेवून.

आवाज बंद ठेवून ‘रेझ’ खेळला, तर त्यांचे म्हणणे शब्दशः बरोबर आहे. म्हणून मी त्यांना हेडफोन दिले, कंट्रोलर त्यांच्या हातात ठेवला आणि पहिला टप्पा पुन्हा सुरू करायला लावला. सुरुवातीला तिथे जवळजवळ नुसता ठोका असतो. बटन दाबून धरायचे आणि नेमाची खूण शत्रूंवरून फिरवायची. एका वेळी आठांपर्यंत शत्रू पकडता येतात आणि प्रत्येकाला पकडताना एक बारीक आवाज होतो. बटन सोडले की गोळ्या सुटतात, आणि खरी कारागिरी इथे आहे: आवाज जिथे उमटायला हवा, तिथे गेम तो ठोक्याच्या जवळच्या भागापर्यंत थोपवून धरतो. तुम्ही कितीही वेंधळेपणाने बटन सोडा, कानावर येते ते तालात येते. कंट्रोलरही त्याच ठोक्यावर तळहातात थरथरतो. मधूनच येणारा ठोकळा फोडून पुढच्या थरात शिरलात की संगीतात एखादे वाद्य वाढते, आणि एका टप्प्यात असे दहा थर आहेत. म्हणजे दहाव्या थरापर्यंत जे गाणे उभे राहते, त्यातला एक भाग तुमच्या बोटांनी वाजवलेला असतो. तालाचे अंग मुळीच नसलेल्या माणसालाही आपण वाजवत आहोत याचा अनुभव येणे, हे ‘नियंत्रण’ म्हणायचे की ‘ध्वनी’?

संपादकांनी टप्पा संपेपर्यंत हेडफोन काढले नाहीत, हे मी इथे मुद्दाम नोंदवते. काढल्यावर मात्र ते म्हणाले, “छान आहे, पण वाचक तास विचारतो.” परीक्षण माझ्या नावाने छापले गेले, कंस काढून टाकलेला होता, आयुष्याच्या रकान्यात सगळ्यांत कमी गुण होते आणि सरासरीच्या हिशेबाने त्या एका रकान्याने एकूण गुण खाली ओढला होता. लेखात मी ज्या गेमला त्या दशकातल्या उत्तम कामांत बसवले होते, त्याच्याखाली साधारण गेमला मिळावा तसा आकडा होता. असा विसंगत मजकूर आपल्या नावावर राहणे किती बोचते, हे ज्याने परीक्षण लिहिले आहे त्यालाच कळेल.

संपादकांच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नव्हते, असे मी म्हणत नाही. २००२ मध्ये ‘रेझ’ पूर्ण किमतीची डिस्क म्हणून विकला जात होता आणि पूर्ण पैसे मोजून एका संध्याकाळचा खेळ मिळाला, तर तक्रार होणारच. पण ती तक्रार किमतीची आहे. ‘रेझ एचडी’ बऱ्याच कमी किमतीत थेट डाउनलोड करता येऊ लागला, तशी लांबीची ओरड परीक्षणांतून ओसरली, यावरूनच ते दिसते. किंमत बदलली म्हणून एखाद्या कामाची प्रत बदलत नाही. किंमत जास्त वाटत असेल, तर परीक्षकाने तसे एका वाक्यात लिहावे. कामाच्या गुणांत तिची वजाबाकी करू नये.

दुसरा आक्षेपही तुम्हाला वाचायला मिळेल: ठोका चुकला तरी शिक्षा नाही, मग हा संगीताचा गेम कसला? पुढच्या काळातल्या ‘बीपीएम: बुलेट्स पर मिनिट’ (२०२०) आणि ‘मेटल: हेलसिंगर’ (२०२२) या गेमांनी उलटी वाट धरली. पहिल्यात गोळी ठोक्यावरच झाडावी लागते. दुसऱ्यात ठोक्यावर झाडलेली गोळी जास्त इजा करते आणि तुमचा गुणक वाढत गेला की संगीत भरत जाऊन शेवटी गायकाचा आवाज येतो. दोन्ही गेम मला आवडतात, पण त्यांत खेळणारा गाण्याच्या मागे धावतो. ‘रेझ’मध्ये गाणे खेळणाऱ्याला सांभाळून घेते, आणि तालात बसवण्याचे हे काम इतके बेमालूम झाले आहे की अनेक समीक्षकांना पहिल्या खेपेस ते जाणवलेच नाही.

दृश्यांबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यांविषयी फारसे दुमत नाही. या कामावर चित्रकार वासिली कांदिन्स्की यांचा प्रभाव आहे. प्रकल्पाचे सुरुवातीचे नावही त्यांच्या आद्याक्षरावरून ‘के-प्रोजेक्ट’ असे होते आणि श्रेयनामावलीत गेम त्यांना अर्पण केलेला आहे. झुरिकच्या रस्त्यावरचा टेक्नो संगीताचा जल्लोष पाहून ही कल्पना बळावल्याचे मिझुगुची यांनी सांगितले आहे. चौथ्या टप्प्याच्या शेवटी ठोकळ्यांचा एक अवाढव्य माणूस तुमच्यापुढे धावत सुटतो, फुटतो, पुन्हा जुळतो आणि धावतच राहतो. तारांच्या रेषा आणि ठोकळे एवढ्याच सामग्रीतून धावणाऱ्या शरीराचे वजन जाणवते, आणि म्हणूनच तो गेम आजही जुनाट दिसत नाही.

आता काही गोष्टी ज्या मी आधीच सांगायला हव्या होत्या, असे तुम्ही म्हणाल. २०१६ च्या गुणांत ‘एरिया एक्स’ या नव्या टप्प्याचा मोठा वाटा आहे. तिथे वाट आखलेली नाही, तुम्ही मोकळे फिरता आणि सारी दृश्ये प्रकाशकणांची बनलेली आहेत. त्यामुळे सगळे श्रेय मूळ पाच टप्प्यांना देता येणार नाही. ईडन नावाच्या कृत्रिम बुद्धीला सोडवण्याचे कथानक अगदीच तोकडे आहे. पाचव्या टप्प्यात आधीचे मोठे शत्रू पुन्हा समोर येतात आणि तिथे काही जणांचा उत्साह मावळतो. इलेक्ट्रॉनिक संगीत तुमच्या कानाला मुळात सहन होत नसेल, तर माझे हे सारे समर्थन तुमच्या उपयोगाचे नाही. आणि लखलखत्या प्रकाशाने ज्यांना झटका येण्याचा धोका आहे, त्यांनी हा गेम खेळूच नये. इथे मतभेदाला जागा नाही.

घ्यायचाच असेल तर ‘रेझ इन्फिनिट’ घ्या. तो प्लेस्टेशन ४ वर आणि २०१७ पासून पीसीवरही मिळतो, आणि व्हीआर नसेल तरी साध्या पडद्यावर उत्तम चालतो. हेडफोन हवेतच. आणि घेण्यापूर्वी परीक्षणे वाचणार असाल, तर ज्यांत आयुष्याचा रकाना असेल त्यांत तो वगळून सरासरी पुन्हा काढून पाहा, म्हणजे लिहिणाऱ्याने खरोखर किती गुण दिले होते ते तुम्हाला दिसेल.