शांतता वाटाघाटींमध्ये स्त्रिया असल्याने खरंच काही फरक पडतो का?

तुम्ही विचारलंय, वाटाघाटींना दोन-चार स्त्रिया बसवल्याने खरोखर काही होतं, की ते सगळं फोटोपुरतं असतं? मी पदवीच्या मुलांना आंतरराष्ट्रीय संबंध शिकवते आणि वर्गात दरवर्षी कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतंच. माझं उत्तर: फरक पडतो. मात्र त्याचं जे कारण नेहमी सांगितलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. ‘बाई मुळातच मायाळू, म्हणून ती भांडण मिटवते’ असं म्हटलं की तिच्या कष्टांचं आणि डोक्याचं श्रेय परस्पर तिच्या स्वभावाच्या खात्यात जमा होतं.

माझ्या मते मुद्दा आहे तो बोलावणं कुणाला जातं याचा. लढाई थांबवायची म्हणून बैठक भरते तेव्हा आमंत्रण जातं ते ज्याच्या हातात बंदूक आहे त्याला. तो बोलणार कशावर? कुठलं खातं कुणाला, कुणाच्या माणसांना सैन्यात घ्यायचं, माफी कुणाला द्यायची. गावाची बंद पडलेली शाळा, बेपत्ता मुलगा, अत्याचार झालेली पोर यांचा विषय काढणारं तिथे कुणी नसतंच. स्त्रिया बहुतेक वेळा येतात त्या बंदूक न धरलेल्यांच्या बाजूने, आणि त्या आल्या की बोलण्याचा विषयच बदलतो.

पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाचं पाहा. 2003 साली यादवी युद्ध थांबावं म्हणून तिथल्या ख्रिश्चन आणि मुस्लिम बायका पांढरे कपडे घालून राजधानी मन्रोव्हियाच्या मासळी बाजाराजवळ रोज बसू लागल्या, उन्हात आणि पावसात. लेमा ग्बोवी त्यांची नेता. पुढे घानाच्या अक्रा शहरात बोलणी सुरू झाली. तिथे बंडखोर गटांचे पुढारी हॉटेलात राहत होते, बैठका आठवडेच्या आठवडे लांबत होत्या आणि इकडे मन्रोव्हियावर तोफगोळे पडत होते. जुलैमध्ये या बायका सभागृहाच्या दारासमोर हातात हात अडकवून बसल्या. करार होईपर्यंत आतल्या कुणालाही बाहेर सोडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. सुरक्षारक्षक ग्बोवींना अटक करायला आले, तेव्हा त्या उभ्या राहिल्या आणि अंगावरचे कपडे उतरवू लागल्या. पश्चिम आफ्रिकेत आईच्या वयाच्या बाईने असं करणं हा समोरच्या पुरुषाला लागणारा शाप मानतात. रक्षक थबकले. मध्यस्थ होते नायजेरियाचे माजी लष्करप्रमुख आणि राष्ट्रप्रमुख अब्दुलसलामी अबूबकर. ते बाहेर आले, बायकांशी बोलले आणि त्यांचं म्हणणं गांभीर्याने घेतलं. 18 ऑगस्टला करारावर सह्या झाल्या.

केवळ त्या धरण्यामुळे युद्ध संपलं असं मी म्हणणार नाही. लायबेरियाचा अध्यक्ष चार्ल्स टेलर याच्यावर खटल्याची टांगती तलवार होती, बंडखोर राजधानीच्या वेशीपर्यंत आले होते, बाहेरच्या देशांचा दबाव होता. पण वेळ काढणाऱ्यांना वेळ महाग पडेल, अशी तजवीज त्या दारात बसलेल्या बायकांनीच केली. आणि सह्या झाल्यावर त्या घरी गेल्या नाहीत. शस्त्रं खाली ठेवण्याच्या मोहिमेत पोरांना समजावणं, 2005 च्या निवडणुकीसाठी बायकांची मतदार नोंदणी, ही कामं त्यांनी केली. मला विचाराल तर धरण्यापेक्षा हा भाग मोठा आहे. त्याचे फोटो मात्र फारसे दिसत नाहीत.

उत्तर आयर्लंडमध्ये गोष्ट वेगळी घडली. तिथला कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्ष मिटवण्यासाठी 1996 मध्ये जी चर्चा ठरली, तिला बसायचं तर निवडणुकीत पहिल्या दहा पक्षांत यावं लागणार होतं. मोनिका मॅकविल्यम्स आणि पर्ल सेगर यांनी काही आठवड्यांत विमेन्स कोअलिशन हा पक्ष उभा केला. एक कॅथलिक, दुसरी प्रोटेस्टंट. मतं मिळाली जेमतेम एक टक्का, पण जागा दोन मिळाल्या. त्या बोलायला उभ्या राहिल्या की समोरचे काही सदस्य गाईसारखे हंबरायचे. तरीही 1998 च्या करारात हिंसाचाराच्या बळींची दखल, दोन्ही धर्मांच्या मुलांची एकत्र शाळा, मिश्र वस्त्या हे मुद्दे आले, आणि त्यांचा पाठपुरावा याच पक्षाने केला होता. सर्वसामान्यांच्या प्रतिनिधींनी सरकारला सल्ला द्यायचा, अशा नागरिक मंचाची तरतूदही त्यांचीच. तो मंच 2002 मध्ये स्थगित झाला तो झालाच. कागदावर आलेलं टिकवायला मागे ताकद लागते, आणि दोन जागांची ताकद तेवढी नव्हती.

आता फोटोबद्दल. तुमची शंका रास्त आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 31 ऑक्टोबर 2000 रोजी ठराव 1325 मंजूर केला: शांततेच्या प्रत्येक पातळीवर स्त्रियांचा सहभाग हवा. तरी 1992 ते 2019 या काळातल्या मोठ्या शांतता प्रक्रियांमध्ये वाटाघाटी करणाऱ्यांत स्त्रिया सुमारे 13 टक्के, मध्यस्थांत आणि सह्या करणाऱ्यांत 6-6 टक्के. मिरियम कोरोनेल-फेरर यांनी 2014 मध्ये फिलिपिन्स सरकारच्या मुख्य वाटाघाटीकार म्हणून तिथल्या मुस्लिम मोरो बंडखोरांबरोबरच्या करारावर सही केली, ती बातमी झाली. कारण तोवर असं कुणा बाईने केलंच नव्हतं.

अफगाणिस्तान आठवलं की मला अजूनही राग येतो. 29 फेब्रुवारी 2020 च्या अमेरिका-तालिबान करारात स्त्रियांचा साधा उल्लेखही नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तालिबानशी बोलायला दोहाला गेलेल्या अफगाण सरकारच्या पथकात 21 जणांत चार स्त्रिया होत्या, समोरच्या तालिबानी पथकात एकही नाही. पुढे काय झालं ते आपण पाहिलंच. आणि जून 2024 मध्ये दोहातच संयुक्त राष्ट्रांनी तालिबानला चर्चेला बोलावलं, तेव्हा अफगाण स्त्रियांना त्या टेबलाशी जागा नव्हती. त्यांच्याशी बोलणं झालं ते तालिबानबरोबरची बैठक आटोपल्यावर, वेगळं.