अल्बम ऐकला, आता बीकॉमचं बोलू

प्रश्न : मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवतो. मुलगा बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, दोन विषय राहिलेत. टॅलीच्या क्लाससाठी लॅपटॉप घेऊन दिला, तर त्यावर त्यानं आठ गाण्यांचा रॅपचा अल्बम केला. खोलीभर घरातल्या चादरी टांगून ठेवल्यात. गाणी त्याचीच, म्युझिकही त्याचंच. आता कॉलेज सोडून मुंबईला जायचं म्हणतो. एक कंपनी पंधरा हजार देऊन सगळे हक्क मागते आहे. मी अजून ऐकलेलं नाही, ते माझ्या डोक्यावरून जातं. यात करिअर असतं का?

उत्तर : नमस्कार. पत्रासोबत गाण्यांची लिंक पाठवलीत हे फार बरं केलंत. आठही गाणी ऐकली. आधी त्यांच्याबद्दलच बोलते, कारण तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तिथंच सापडतं.

तिसऱ्या गाण्यातला ठेका ड्रमचा नाही, मागाचा आहे. धोट्याची, म्हणजे मागातल्या शटलची, खटखट त्यानं फोनवर रेकॉर्ड केली, तुकडे केले, लयीत बसवले आणि त्यावर रात्रपाळी करून पहाटे घरी येणाऱ्या बापाबद्दल म्हटलं आहे. मराठीत चाललेलं कडवं मध्येच तेलुगूत जातं, एका ओळीपुरतं, आणि परत येतं. शिवी एकही नाही. बाकीची सात नाही ऐकलीत तरी चालेल, हे एक ऐकाच. ते तुमच्याबद्दल आहे.

दोषही सांगते. सहाव्या गाण्यात बेसखाली शब्द बुडालेत आणि ‘स’ कानाला टोचतो. बेसचं कारण बहुतेक त्या चादरींच्या खोलीत आहे. चादरीनं वरच्या पट्टीतला आवाज शोषला जातो, खोलीतला घुमारा कमी होतो, म्हणून रेकॉर्डिंगला तिचा उपयोग झालाच. पण बेसच्या लाटा लांब असतात, त्यांना चादर अडवत नाही. छोट्या खोलीत बेस एका कोपऱ्यात दुप्पट ऐकू येतो आणि दुसरीकडे गायब होतो. तुमचा मुलगा बसतो त्या जागी तो कमी ऐकू येत असणार, म्हणून त्यानं तो वाढवून ठेवला. खुर्ची आणि स्पीकरची जागा बदलून बघायला सांगा, आणि प्रत्येक मिक्स, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवलेलं गाणं, हेडफोनवर, रिक्षातल्या स्पीकरवर, साध्या मोबाइलवर ऐकायला सांगा. ही चूक शिकण्यातली आहे, कुवतीची नाही.

आता करिअर. तुम्ही ‘रॅप’ हा एकच शब्द लिहिलात, पण या अल्बममध्ये पाच-सहा कामं आहेत : लिहिणं, म्हणणं, बीट म्हणजे मागचा ठेका-संगीत तयार करणं, रेकॉर्डिंग, मिक्सिंग, आणि गाणी सगळीकडे पोचवणं. ही सगळी त्यानं एकट्यानं, कुणी न शिकवता, शेवटापर्यंत नेली. गाणी अर्धवट टाकणारी मुलं माझ्याकडे पुष्कळ येतात, पूर्ण करणारी थोडी. मुंबईच्या नेझी या रॅपरनं २०१४ साली आयपॅडवर रेकॉर्ड केलेल्या गाण्यानं नाव मिळवलं, तेव्हापासून साधनं नाहीत ही सबब उरली नाही. पण त्याच कारणानं गाणी करणारेही अमाप झालेत.

म्हणून रॅपच्या कमाईवर घर चालेल असं मी तुम्हाला सांगणार नाही. स्पॉटिफायवर २०२४ पासून ज्या गाण्याला आधीच्या बारा महिन्यांत १,००० स्ट्रीमही मिळत नाहीत, त्याला रॉयल्टीच मिळत नाही. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं जाणं लागतं, नाहीतर नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. तुमच्या मुलाची गाणी अजून शेकड्यांत आहेत. या भरवशावर मुंबईचं खोलीभाडं निघत नाही.

पोट भरेल ते आवाजाच्या कामावर, असं माझं स्पष्ट मत आहे. मिक्सिंग करणारा हा तुमच्यासारखाच जॉबर : कापडावर नाव मालकाचं, पण त्याच्या हाताशिवाय माग चालत नाही. पॉडकास्ट, ऑडिओबुक, क्लासवाल्यांचे व्हिडिओ, जाहिराती, डबिंग, सगळीकडे आवाज साफ करणारा माणूस लागतो. त्यात या पोराला घरातलं तेलुगू येतं, गल्लीतलं कन्नड आणि दखनी उर्दू कानावर आहे, मराठी तर आहेच. डबिंगच्या कामात ही फार मोठी जमेची बाजू आहे. पूर्व भागातल्या मुलांना आपल्या भाषांची लाज वाटते, तशी त्याला वाटू देऊ नका. सुरुवात सोलापुरातूनच होते. गड्ड्याची यात्रा, गणपती, जयंत्या, लग्नं, हुतात्मा स्मृती मंदिरातली नाटकं, कुठल्याही साउंडवाल्याकडे सुट्टीत ऑपरेटरच्या हाताखाली उभा राहिला तरी मिक्सर हाताळायला शिकेल. आणि काम मागायला जाताना अल्बम सोबत असेलच. तोच त्याचा बायोडेटा.

कॉलेज मात्र सोडायचं नाही. दीड वर्षाचा प्रश्न आहे. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट-शिक्षण संस्थेतल्या ध्वनिमुद्रणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला पदवीशिवाय अर्जच करता येत नाही, आणि कॉमर्सवाल्यांनी तिथली बारावीच्या विषयांची अट आधीच नीट वाचावी. तो मार्ग नाही जमला तरी पदवी बाकीच्या ठिकाणी उपयोगी पडते. शिवाय स्वतंत्र कलाकाराला बिल, जीएसटी, करार हे सगळं स्वतःच बघावं लागतं, तेव्हा टॅलीसुद्धा वाया जायची नाही.

त्याला शाहीर रामजोशींची गोष्ट सांगा. आपल्या सोलापूरचेच. तमाशाच्या नादापायी भावानं घराबाहेर काढलं, तेव्हा पंढरपुरात राहून ते संस्कृत शिकले, आणि ती विद्या पुढं त्यांच्या लावणीत उतरली. ही गोष्ट त्याच्याइतकीच तुमच्यासाठीही आहे : पोराला घराबाहेर काढायची वेळ आणू नका. खोली, चादरी, लॅपटॉप त्याच्याकडेच राहू देत. बदल्यात राहिलेले दोन्ही विषय सुटायला हवेत, एवढी एकच अट घाला.

राहिला पंधरा हजारांचा कागद. त्यावर सही करू देऊ नका. ‘सगळे हक्क, कायमचे, जगभर’ असं लिहिलं असेल तर उद्या ते मागाचं गाणं एखाद्या जाहिरातीत वाजलं, तरी ते कुठं वापरायचं याचा निर्णय त्याच्या हातात उरणार नाही. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच दिले असं तो मानतो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतेच. म्हणूनच या कंपन्या ‘कायमचे’ हा शब्द आठवणीनं घालतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करार करूनही काढून घेता येत नाही. तो सोपवायचाच झाला तर फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला, म्हणजे सभासदांची रॉयल्टी गोळा करून त्यांना देणाऱ्या संस्थेला. गीतकार-संगीतकारांसाठी ती सोसायटी म्हणजे आयपीआरएस. त्यानं तिचं सभासद व्हावं. कंपनीला खरंच गाणी हवी असतील तर ती ठरावीक वर्षांसाठी, ठरावीक वापरासाठी परवानगी घेईल. तसं बोलून बघायला हरकत नाही.

पाचव्या गाण्याबद्दल मात्र घाई करा. त्यात जुन्या तेलुगू गाण्याचा तुकडा फिरवून घेतलाय. ऐकायला सुरेख वाटतो, पण मूळ रेकॉर्ड ज्यांची आहे त्यांची आणि गाण्याचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची, अशा दोन परवानग्या लागतात. त्या नसतील तर ते गाणं आजच खाली उतरवावं आणि ती चाल सोडून नवी बांधावी. मागाचा आवाज लयीत बसवणाऱ्याला हे अवघड नाही. तोवर कंपनीचा कागद एखाद्या वकिलाला दाखवून घ्या, आणि परीक्षेचे फॉर्म कधी निघतात ते कॉलेजात स्वतः जाऊन विचारा.